रक्तदात्याला काय द्यावं?

शिबिराच्या फ्लेक्सवर हल्ली नेत्याच्या फोटोखालोखाल ठळक ओळ असते ती ‘प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू’ ही. कुठे हेल्मेट, कुठे जेवणाचा डबा, कुठे पाण्याचा जार, कुठे प्रवासी बॅग. २०२० च्या डिसेंबरात कोविडमुळे मुंबईत रक्ताचा तुटवडा होता, तेव्हा एका शिबिरात प्रत्येक रक्तदात्याला एक किलो चिकन आणि शाकाहारी असेल तर पनीर जाहीर झालं होतं. त्याची बातमी देशभर गाजली.

अशा वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, बिघडलं काय? रक्त मिळालं ना? दुसरा म्हणतो, दान म्हणायचं आणि वर हात पुढे करायचा, हे शोभत नाही. दोघंही मनापासून बोलतात. पण हा वाद पन्नास वर्षांहून जुना आहे, त्यावर प्रत्यक्ष रक्तदात्यांबरोबर प्रयोग झालेले आहेत आणि त्यांतून जे निघालं ते दोन्ही तटांना थोडं थोडं गैरसोयीचं आहे. दुसऱ्यासाठी काही करणाऱ्या माणसाला हातात मिळणारी वस्तू आणि चारचौघांत मिळणारं नाव या दोन गोष्टी वेगवेगळं काम करतात. कधी त्या एकमेकींना साथ देतात, कधी एक दुसरीला खाऊन टाकते. हे कसं घडतं ते रक्तदानात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं, कारण रक्त कारखान्यात बनत नाही. ते कुणीतरी द्यावंच लागतं.

वादाची सुरुवात १९७० मध्ये झाली. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने ब्रिटन आणि अमेरिका यांच्या रक्तव्यवस्थांची तुलना केली. ब्रिटनमध्ये लोक फुकट रक्त देत. अमेरिकेत मात्र बरंच रक्त विकत घेतलं जाई, आणि विकणारे बहुतेक गरजू असत. टिटमसने दोन गोष्टी मांडल्या. पहिली, विकत घेतलेलं रक्त धोक्याचं, कारण ज्याला पैशाची निकड आहे तो आपला आजार लपवणार. त्या काळी काविळीच्या विषाणूंसाठी खात्रीच्या चाचण्या नव्हत्या, त्यामुळे हा मुद्दा बिनतोड होता. दुसरी गोष्ट जास्त वादग्रस्त ठरली : पैसे देऊ लागलात तर जे आपणहून येत होते तेही येईनासे होतील.

यावर केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये साधा प्रश्न विचारला. बाजारात रक्त विकायची सोय झाली म्हणून फुकट देणाऱ्याचा हात कुणी धरला आहे? ज्याला द्यायचं तो देईलच, आणि वर पैशासाठी येणारे मिळतील. मग एकूण रक्त कमी कसं होईल? तर्क म्हणून यात खोट काढणं अवघड होतं. पण तर्काने सुटणारा हा प्रश्न नव्हता. लोकांना विचारून, त्यांना प्रत्यक्ष काही देऊ करूनच पाहायला हवं होतं, आणि त्याला बरीच वर्षं गेली.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात झाला. विद्यार्थ्यांना विचारलं, रक्तदाता म्हणून नाव नोंदवण्यासाठी आरोग्य तपासणी करून घ्याल का? एका गटाला काहीच देऊ केलं नाही. दुसऱ्या गटाला ५० क्रोनर, म्हणजे त्या वेळचे सुमारे सात डॉलर, देऊ केले. तिसऱ्या गटाला म्हटलं, हे ५० क्रोनर तुम्ही घ्या किंवा कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्या. पुरुषांच्या उत्तरांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्त्रियांचे आकडे मात्र डोळे उघडणारे होते. काहीच देऊ केलं नाही तेव्हा ५२ टक्के तयार झाल्या. पैसे देऊ केल्यावर ३० टक्के. आणि पैसे संस्थेला देण्याची मुभा मिळाली तेव्हा पुन्हा ५३ टक्के.

तिसरा गट नीट पाहा, सगळी गंमत त्यात आहे. पैसे तेवढेच होते. ज्याला घ्यायचे त्याला घेताही येत होते. बदललं एवढंच की आता ‘मी पैशासाठी आले नाही’ हे दाखवायला, इतरांना आणि स्वतःलाही, एक वाट मिळाली. पैशाचा मोह कमी पडला म्हणून लोक मागे हटले नव्हते. पैशाने त्यांच्या कृतीचा अर्थ गढूळ केला होता, म्हणून हटले होते.

रोलां बेनाबू आणि ज्याँ तिरोल या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये हे कोडं मांडायची एक पद्धत दिली. चांगलं काम करणाऱ्या माणसाच्या मनात तीन कारणं एकत्र नांदतात. एक आतलं : दुसऱ्याचं भलं व्हावं ही खरी इच्छा. दुसरं हाताला लागणारं : पैसा, वस्तू, सुट्टी. तिसरं लोकांच्या नजरेतलं : हा माणूस कसा आहे याबद्दल चारजण काय म्हणतील. बघणाऱ्याला आतलं कारण दिसत नाही, त्याला फक्त कृती दिसते. कृतीसोबत काही मिळत नसेल तर तो सरळ म्हणतो, भला माणूस दिसतो. कृतीसोबत हेल्मेट मिळत असेल तर त्याला शंका येते की हा रक्तासाठी आला की हेल्मेटसाठी? म्हणजे दुसरं कारण वाढवलं की तिसरं घटतं. बेरीज वाढेल की घटेल, हे किती घटलं त्यावर ठरतं. ॲरोच्या तर्कात नेमकं हे तिसरं खातंच नव्हतं.

एवढं वाचून दुसऱ्या तटाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. अमेरिकेच्या ओहायो राज्यात रेड क्रॉसच्या शिबिरांमध्ये पाच, दहा आणि पंधरा डॉलरची गिफ्ट कार्डं देऊन पाहिली. लोक जास्त आले, आणि कार्डाची किंमत वाढेल तसे आणखी जास्त आले. झुरिकमध्ये रक्तदात्यांना पाच फ्रँकचं लॉटरीचं तिकीट देऊ केलं, तर रक्त देणारे दर शंभरामागे सुमारे पाचने वाढले, मुख्यतः जे एरवी कमी येत त्यांच्यात. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात दुसऱ्या गटाला कोलेस्टेरॉलची मोफत तपासणी देऊ केली होती, तिचा काहीच परिणाम झाला नाही. असे प्रत्यक्ष शिबिरांतले बरेच अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. छोट्या भेटींनी रक्तदान बहुतेक ठिकाणी वाढतं, आणि रक्ताची सुरक्षितता ढासळल्याचा पुरावा त्या ठिकाणी सापडला नाही. अर्थात ही ठिकाणं चाचण्या आणि नोंदी चोख ठेवणारी होती, हे विसरून तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लावता येत नाही.

मग स्वीडनमध्ये घसरण आणि ओहायोमध्ये वाढ, हे कसं? एक धागा इटलीत सापडतो. तिथल्या रक्तदात्यांना एका पाहणीत विचारलं की रक्तदानाबद्दल दहा युरो रोख मिळू लागले तर तुम्ही काय कराल? बऱ्याच जणांनी सांगितलं, येणं बंद करू. तेवढ्याच किमतीचं कूपन मिळालं तर? त्याला कुणाची फारशी हरकत नव्हती. किंमत तीच, पण रोख रकमेने व्यवहार झाल्यासारखा वाटतो आणि वस्तू आभारासारखी वाटते. आपल्याकडेही आहेराचं पाकीट आणि मजुरीचं पाकीट यांत रक्कम सारखी असली तरी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव सारखे नसतात. त्यामुळे ‘भेट द्यावी की नाही’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. ती काय आहे, केवढी आहे, कुणासमोर दिली जाते आणि आधी तिची जाहिरात केली जाते का, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. माझ्या मते शेवटचा मुद्दा सर्वात कमी बोलला जातो आणि सर्वात जास्त बिघाड करतो. रक्त देऊन झाल्यावर हातात ठेवलेला डबा आभार असतो. तोच डबा आठवडाभर आधी फ्लेक्सवर छापला की तो भाव होतो.

ओहायोच्या आकड्यांत आणखी एक बारकावा होता, तो आपल्या आयोजकांनी जरूर वाचावा. गिफ्ट कार्डाच्या शिबिराला जे जादा लोक आले त्यांतले बरेच जण शेजारच्या शिबिरातून सरकलेले होते. एका शिबिराची गर्दी वाढली, पण परिसराची एकूण बेरीज त्या प्रमाणात वाढली नाही. एकाच रविवारी एका प्रभागात दोन शिबिरं लागतात आणि एकीकडे डबा, दुसरीकडे हेल्मेट असतं, तेव्हा नेमकं हेच घडतं. शिवाय माणूस पुढच्या वेळी ‘यंदा काय आहे?’ असं विचारायला शिकतो. ज्या छोट्या मंडळाकडे चहा-बिस्किटांपलीकडे द्यायला काही नसतं, त्याचं शिबिर ओस पडतं.

आता तिसऱ्या खात्याकडे, म्हणजे नावाकडे येऊ. त्याची ताकद किती असते हे कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात दिसलं. उन्हाळ्यात वीज तुटू नये म्हणून ऐन गर्दीच्या वेळी एसीचा वापर थोडा कमी करू देण्याची एक योजना होती. रहिवासी संकुलांमध्ये नोंदणीचे कागद लावले. काही ठिकाणी कागदावर माणसाने नाव आणि घर क्रमांक लिहायचा, काही ठिकाणी फक्त सांकेतिक क्रमांक. काम तेच, कष्ट तेच. नाव दिसणाऱ्या कागदांवर जवळपास तिप्पट नोंदणी झाली. याच योजनेसाठी आधी २५ डॉलरचं आमिष दाखवून पाहिलं होतं, त्यापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेचा परिणाम चौपट होता.

रक्तदानातही हे तपासलं गेलं आहे, पुन्हा इटलीत. तिथे ठरावीक संख्येनंतर रक्तदात्याला पदक मिळतं. पदक जवळ आलं की लोक जास्त लवकर लवकर रक्त देऊ लागतात का? देतात, पण फक्त त्या पदकांसाठी जी समारंभात दिली जातात आणि ज्यांची नावं स्थानिक वर्तमानपत्रात येतात. खासगीत हातात दिलेल्या पदकाचा तसा परिणाम दिसला नाही. धातूच्या त्या तुकड्याला किंमत होती ती गावाने पाहिल्यामुळे.

कुणी म्हणेल, मग हे कसलं दान, गुप्तदानच खरं. मला हा आग्रह पटत नाही. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या खोलीवर, स्मशानातल्या बाकावर देणगीदाराचं नाव कोरायची आपली रीत जुनी आहे, आणि त्या नावामुळे पायरी कच्ची राहिलेली नाही. नाव व्हावं असं वाटणं हा दोष नाही. नाव कशाबद्दल होतं, एवढंच पाहायचं असतं. माणूस त्याच दिशेने धावतो.

आणि इथेच महाराष्ट्राचा प्रश्न आहे.

आपल्याकडे ऐच्छिक रक्तदानाची चळवळ नावावरच उभी राहिली. नव्वदच्या दशकापर्यंत देशात धंदेवाईक रक्तदात्यांचा सुळसुळाट होता. पैसे घेऊन वारंवार रक्त विकणारी ही माणसं बहुतेक गरीब, अशक्त, कित्येकदा व्यसनाधीन असत. एचआयव्ही आल्यावर यातला धोका उघड झाला. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांच्या कारभाराबद्दल सविस्तर आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली. पैसा संपला, पण पैशाच्या सवयी लगेच गेल्या नाहीत. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘बदली रक्त’ आणून द्यायचं, ही पद्धत कितीतरी रुग्णालयांत सुरू राहिली, आणि जिथे नातेवाईक जमत नाहीत तिथे पैसे घेऊन ‘मावसभाऊ’ होणारे लोक उभे राहिले. ही पोकळी भरून काढली ती मंडळांनी, महाविद्यालयांच्या एनएसएसच्या मुलांनी, कामगार संघटनांनी, धार्मिक संप्रदायांनी आणि राजकीय पक्षांनी. आज ऐच्छिक रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, तो यांच्यामुळे. त्यांच्या श्रमांचं मोल कमी लेखायचं कारण नाही.

पण या व्यवस्थेत नाव कुणाचं होतं ते बघा. फ्लेक्सवर फोटो आयोजकाचा. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी ‘एका दिवसात इतक्या बाटल्या’. रक्तदात्याला सर्टिफिकेट, कार्ड आणि पिशवी. सगळा मान एका दिवसाच्या आकड्याला चिकटलेला आहे, तो वर्षभर येत राहणाऱ्या माणसाला मिळत नाही. मग आयोजक आकड्यामागे धावतो, आकडा वाढवायला भेटवस्तू आणतो, आणि शिबिरं नेत्याच्या वाढदिवसाला, जयंतीला, उत्सवाला एकावर एक येऊन पडतात.

रक्ताला हे वेळापत्रक मानवत नाही. एका बाटलीतून वेगळ्या केलेल्या लाल पेशी साधारण ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. एका दिवशी हजारो बाटल्या जमल्या तर त्या महिन्याभरात वापरल्या जातीलच याची हमी नाही, आणि त्यांच्या प्लेटलेट्स तर पुढच्या आठवड्यापर्यंतही राहत नाहीत. २०१७ मध्ये बाहेर आलेल्या माहितीनुसार देशात आधीच्या पाच वर्षांत रक्त आणि रक्तघटकांची २८ लाखांहून जास्त युनिटं वाया गेली होती. त्याला साठवणुकीपासून चाचणीत बाद होण्यापर्यंत अनेक कारणं आहेत, पण एकदम आलेला पूर हे त्यांतलं एक नक्की. आणि मे महिना आला की कॉलेजं बंद, लोक गावाला, आयोजक थकलेले. तेव्हा थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील, ज्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच लागतं, व्हॉट्सॲपवर निरोप फिरवत बसतात.

जाहिरात केलेल्या भेटवस्तूचा दुसरा तोटा शिबिराच्या टेबलाशी बसल्यावर कळतो. तिथे सगळं माणसाच्या खरेपणावर चालतं. आधी वजन. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. हे मोरचुदाचं पाणी ठरावीक घनतेचं असतं. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, तरंगत राहिला तर कमी. थेंबाला खोटं बोलता येत नाही. पण त्यानंतरचा फॉर्म माणूस भरतो. गेल्या वर्षभरात कावीळ झाली होती का? टॅटू काढला का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? असुरक्षित शरीरसंबंध? रक्तपेढी प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरियासाठी चाचणी करते. तरी संसर्ग नुकताच झाला असेल तर काही काळ तो चाचणीत सापडत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे रक्तदात्याने फॉर्मवर लिहिलेलं खरं उत्तर. शेजारच्या टेबलावर हेल्मेटं रचून ठेवली आहेत आणि ‘हो’ म्हटलं की रिकाम्या हाती जायचं आहे, अशा वेळी त्या उत्तरावर किती भार टाकतो आपण!

नावाचा दबावही इथे तितकाच घातक ठरू शकतो. ऑफिसात शिबिर आहे, साहेबांनी स्वतः दिलं, सगळा विभाग रांगेत आहे. ज्याला न देण्याचं खासगी कारण आहे त्याने ते कुणासमोर सांगायचं? तो रांगेत उभा राहतो आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहितो. म्हणून काही देशांत रक्तदात्याला एकांतात ‘माझं रक्त वापरू नका’ अशी खूण करायची सोय दिलेली असते. बाहेर कुणाला काही कळत नाही, बाटली बाजूला काढली जाते. आपल्या शिबिरात निदान एवढं करता येईल की फॉर्म आडोशाला, एकट्याने भरायचा, आणि जे काही चहापाणी, आभाराची वस्तू असेल ती आलेल्या प्रत्येकाला द्यायची, रक्त घेतलं गेलं असो की डॉक्टरांनी परत पाठवलं असो. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होता कामा नये.

जागतिक पातळीवर मान्य असलेली ऐच्छिक रक्तदानाची व्याख्याही टोकाची नाही. छोटी आठवणवस्तू, अल्पोपाहार आणि येण्याजाण्याचा खर्च तिला चालतो. रोख किंवा रोखीसारखं काही चालत नाही. मी त्यात एक भर घालेन, जी असेल ती वस्तू आधी जाहीर करू नये.

आणि नाव? ते आयोजकाकडून थोडं काढून नियमित येणाऱ्याकडे न्यावं. शंभर वेळा रक्त देणाऱ्याला आपल्याकडे ‘शतकवीर’ म्हणतात आणि त्याचा सत्कारही होतो, ही फार चांगली रीत आहे. पण शंभरपर्यंत पोचायला पंचवीसेक वर्षं तरी लागतात. पाचव्या, दहाव्या, पंचविसाव्या वेळीही गणपतीच्या मांडवात, ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत नाव पुकारलं जायला हवं. इटलीतली पदकं हेच करतात. आयोजकाचं कौतुक करायचं तर ‘एका दिवसात किती’ ऐवजी ‘तुमच्या यादीतले किती जण वर्षात दुसऱ्यांदा आले’ हे विचारून करावं. रक्तपेढ्यांनी स्वीडनसारखा एक साधा मेसेज सुरू करावा : तुमचं रक्त आज वापरलं गेलं. या मेसेजला खर्च जवळपास नाही, तो चारचौघांत मिरवायचा नाही, आणि तो त्या पहिल्या, आतल्या कारणाशी थेट बोलतो.

बाकी हिशोब कॅलेंडरचा आहे. आपल्याकडे पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. जानेवारीच्या उत्तरार्धातल्या शिबिराची यादी आयोजकाकडे असतेच. त्यातले पुरुष एप्रिलच्या शेवटी आणि स्त्रिया मेच्या शेवटी पुन्हा पात्र होतात, म्हणजे बरोबर टंचाईच्या तोंडावर. त्या यादीतल्या लोकांना तेव्हा नावानिशी फोन करायचा, पन्नास-पन्नासच्या तुकड्यांत जवळच्या रक्तपेढीत बोलवायचं, आणि फ्लेक्सचा खर्च वाचवून त्यांच्या रिक्षाचं भाडं द्यायचं.